लेनोरचा निरोप

आमच्या कार्मोडीज रेस्टॉरंटमध्ये इर्माबाई हावरकॅम्प दर बुधवारी संध्याकाळी यायच्या. नवरा गॉर्डन समोरच्याच नाटकगृहात क्लॅरिनेट वाजवायचे. बुधवारी दुपारी एक खेळ आणि रात्री एक, मधल्या वेळात दोघांचं जेवण. न्यूयॉर्कमधली जुनी, नामांकित जागा, म्हणजे दरही तसेच. वाजवणाऱ्याच्या पगारात रोज झेपणारं नव्हतं ते, पण आठवड्यातून एकदा खिडकीजवळच्या टेबलावर दोघं राजाराणीसारखी बसायची.

इर्माबाई दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस होत्या. दोघांची ओळख तिथलीच. "क्लॅरिनेटवाल्याचे दात म्हणजे त्याची पोटापाण्याची सोय," गॉर्डन मला सांगायचे. "मी दात दाखवायला गेलो आणि हिनं जन्मभरासाठी धरून ठेवलं बघ, एमिल!"

"धरून कसलं, दात उपटायचे होते. डॉक्टरांना दया आली," इर्माबाई म्हणायच्या.

मी त्यांच्या टेबलाचा वेटर. गॉर्डनना कोकराची चॉप लागायची, बाईंना कोंबडीचा पाय. सूप आणून ठेवलं की गॉर्डन ठरलेला प्रश्न विचारायचे, "गरम आहे, की नुसतंच महाग?"

मग वय झालं, बोटं चालेनात, गॉर्डन निवृत्त झाले. बुधवार मात्र चालूच राहिला. आणि हळूहळू त्यांच्या डोक्यातलं एकेक विझायला लागलं. आधी माणसांची नावं गेली. मग जेवता जेवता उठून म्हणायचे, "चला, खेळाची वेळ झाली." इर्माबाई शांतपणे सांगायच्या, "आज सुट्टी आहे, गॉर्डन. पाव खा." आणि ते बसायचे.

एका बुधवारी मी पाणी ओतत होतो. गॉर्डन समोर बघत होते. एकदम अदबीनं म्हणाले, "बाई, माफ करा, तुमचं टेबल चुकलंय. ही माझ्या बायकोची खुर्ची आहे."

इर्माबाई हसल्या. त्यांना थट्टाच वाटली. "मग बायको बसलीच आहे की."

"नाही हो. लेनोर येईलच एवढ्यात. तिला आवडायचं नाही, मी परक्या बाईबरोबर जेवलेलं."

बाईंचा चेहरा मी पाहिला. त्यांनी पर्स उचलली, "चुकलंच माझं," म्हणाल्या, आणि शेजारच्या रिकाम्या टेबलावर जाऊन बसल्या. मी त्यांचा ग्लास मागोमाग नेला. हलक्या आवाजात त्यांनी मला सांगितलं, "लेनोर त्याची पहिली बायको. इथेच जेवायला येते म्हणाली होती. आलीच नाही. बॅग भरून निघून गेली होती. माझ्या कितीतरी आधीची गोष्ट."

त्या दिवशी गॉर्डननी घासही घेतला नाही. बायको आल्याशिवाय कसा जेवू, म्हणाले. सूप निवलं, चॉप परत गेली. पुढच्या बुधवारी तसंच. माणूस वाळत चालला होता. घरीही खात नाही, बाई म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला कोट ठेवतात तिथे गाठलं. "एमिल, त्याला जाऊन सांग. लेनोरचा फोन आला होता. उशीर होईल म्हणाली. तुम्ही सुरू करा, असा निरोप आहे."

"मॅडम, असं मी कसं सांगू?"

"तोंडानं. मासा आज सकाळचाच आहे, हे सांगतोस ना रोज?"

मी जाऊन सांगितलं. गॉर्डनचा चेहरा उजळला. त्यांनी चमचा उचलला आणि सगळं सूप संपवलं. शेजारच्या टेबलावर बाई बघत होत्या.

तेव्हापासून दर बुधवारी दोन टेबलं. आल्याबरोबर इर्माबाई मला निरोप द्यायच्या आणि मी तो पोचवायचो. लेनोर म्हणाली, थंडी आहे, मफलर घाला. लेनोर म्हणाली, गोळी जेवणानंतर घ्या. गॉर्डन मान डोलवायचे, "तिचं लक्ष असतं माझ्याकडे."

एकदा बाई म्हणाल्या, "आज सांग, तिचं तुमच्यावर फार प्रेम आहे."

मला राहवलं नाही. "मॅडम, तुमचंच नाव सांगतो ना. दुसरीच्या नावावर कशाला?"

"माझं नाव घेतलंस तर तो विचारेल, कोण ही इर्मा? आणि ताट सरकवेल. जा, सूप निवतंय."

मी सांगितलं. गॉर्डननी माझं मनगट धरलं. "खरंच असं म्हणाली? तिच्याच तोंडानं?" त्यांचे डोळे भरून आले होते. शेजारच्या टेबलावर बाई खाली मान घालून कोंबडीचे तुकडे करत राहिल्या, लहान, आणखी लहान.

हिवाळ्यात इर्माबाईंनी लेनोरचा नंबर शोधून काढला. ती ॲरिझोनात होती. एकदा या, नुसतं समोर बसून जेवा, तिकीट मी काढते, असं बाई तिला म्हणाल्या. ती नाही म्हणाली. तिला राग नव्हता, पण त्या माणसासमोर पुन्हा बसणं तिला जमणार नव्हतं.

"तिचंही बरोबर आहे," बाईंनी मला सांगितलं. "तेव्हा तो पीत असे. फार वाईट वागला तिच्याशी. माझ्या वाट्याला आला तो धुऊनपुसून."

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मी नेहमीचा निरोप घेऊन गेलो. गॉर्डननी ऐकून घेतलं, नॅपकिन टेबलावर ठेवला. "तिला सांग, आता येऊ नकोस म्हणावं. पुरे झालं." मग वळून शेजारी पाहिलं. "बाई, तुम्हीही एकट्याच दिसता. राग येणार नसेल, तर इथे या."

इर्माबाई उठल्या. मी खुर्ची मागे ओढली.

"नाव काय तुमचं?"

"इर्मा."

"छान आहे. आणि करता काय?"

"दाताच्या डॉक्टरकडे होते."

"अरे वा! मग माझे जरा बघा," म्हणत त्यांनी 'आ' केला. बाई इतक्या हसल्या की पलीकडची मंडळी वळून बघायला लागली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. बदामाचा केक दोघांनी एकाच ताटलीत खाल्ला.

पुढच्या बुधवारी गॉर्डन पुन्हा लेनोरची वाट बघत होते. मी पुन्हा निरोप पोचवला. मार्चमध्ये ते घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि इस्पितळातून परत आलेच नाहीत. शेवटी ते कुणाचंच नाव घेत नव्हते, असं बाईंनी फोनवर सांगितलं.

मे महिन्यात त्या एकट्याच आल्या. बुधवारी नाही, शनिवारी, दुपारच्या खेळाआधी, आमचा हॉल गच्च भरलेला असताना. मी खिडकीजवळचं टेबल दिलं. त्यांनी चॉप मागवली. दोन घास खाल्ले, तिसरा काट्यालाच राहिला, आणि त्या रडायला लागल्या, अगदी मोठ्यानं. इतक्या वर्षांत त्यांना तसं रडताना मी पाहिलं नव्हतं. लोक माना वळवायला लागले. मॅनेजर निघालाच होता, मी त्याला हातानं थांबवलं. मग पाण्याची सुरई घेऊन मी त्यांच्या आणि हॉलच्या मध्ये, लोकांकडे पाठ करून उभा राहिलो, त्यांचं रडून होईपर्यंत.