डोळे तेवढे राहिले

यवतमाळहून आर्णीला निघालेली एसटी वाटेत पंक्चर झाली, तेव्हाच माझी कुरकूर सुरू झाली. कापूस वेचणीचे दिवस होते. गाड्यांवरून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकला होता. पुण्याहून एवढ्या लांब मी छपाईच्या एका लाकडी ठशासाठी आलो होतो. जुन्या पुस्तकांतली, बुवाबाजीची टर उडवणारी चित्रं गोळा करायचं मला खूळ आहे. घरचे त्याला भिकेचे डोहाळे म्हणतात.

ठशासाठी मला बोलावणारी सुजाता स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. तिचे आजोबा शिक्षक. बौद्ध धम्म स्वीकारल्यावर त्यांनी बुवाबाजीवर एक पुस्तिका छापली होती. घरातल्या शेवटच्या प्रतीचं मुखपृष्ठ वाळवीनं खाल्लं. आजी अंथरुणाला खिळलेली. ती असेतो सुजाताला पुस्तिका पुन्हा छापायची होती. मुखपृष्ठावरच्या चित्राचा ठसा तो कोरणाऱ्या कारागिराच्या मुलाकडे, रशीदचाचांकडे होता.

आधी आलूबोंडा (बटाटेवडा) खाल्ला. वर ओतलेल्या रश्श्यानं नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

"चित्रात काय आहे?" मी विचारलं.

"बुवा बैलाले जिलबी चारून राह्यला, अन् गाडीले भक्त जुतले!"

मला हसताना ठसका लागला. ती हसली नाही.

"मांगच्या महिन्यात मी हेच ग्रूपवर लिहिलं, सर. कोनी म्हनलं, हा तर आपला महाराज. पोरं चाचाच्या दुकानात जाऊन आले. चित्र कोनी पायलंच नोतं."

चाचांचं दुकान म्हणजे दारं-खिडक्यांवर नक्षी कोरायची जागा. दर्शनी काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला. त्यांनी चहा मागवला, पावसापाण्याचं विचारलं. मग फडक्यात गुंडाळलेला ठसा सुजाताच्या हातात दिला.

फळी गुळगुळीत होती. बुवा नाही, बैल नाही, गाडी नाही. मधोमध फक्त दोन डोळे वर उठून राहिले होते.

"चाचा, काहून केलं असं?"

"माह्ये नातू याच गावात शायेत जाते, बेटा. बापानं कोरलेलं सारं पटाशीनं सोललं. बापाचं ते माह्यं. डोये माह्ये नाही."

मला काही उमगेना. ते माझ्याकडे वळले. "बाप चेहरा कोरे, पन डोये नाही. जान देनं अल्लाचं काम, म्हने. डोयाची जागा तशीच सोडे. हिचे आजोबा, गुरुजी, मंग इथंच बसून डोये कोरत." आणि सुजाताला म्हणाले, "तुह्या आजोबाची अमानत हाय. तिले कसा हात लावू?"

"आजीले काय दाखवू आता?" ती म्हणाली. चाचा भुसा झाडत राहिले.

मला आधी चाचांचाच राग आला. मग आपण संध्याकाळच्या गाडीनं निघणार आणि ते इथेच राहणार, हे लक्षात आलं.

सुजातानं ठसा माझ्याकडे दिला. पुण्यात एका मित्राच्या जुन्या छापखान्यात मी शाई लावून दोन कागद काढले. एक आर्णीला धाडला, एक माझ्या भिंतीवर लावला. संग्रहातल्या बाकी सगळ्या चित्रांना मी हसू शकतो. याच्यासमोर जेवायला बसवत नाही.

आठवड्याभरानं सुजाताचा फोन आला.

"आजीनं डोये लगेच ओयखले, सर. मंग म्हने, बाकीचा बुवा कुठी गेला?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हनलं, गावातच हाय. फिरून राह्यला."