चिंधी बांधलेलं वांगं आणि शहर झालेलं गाव

"मावशी, तुमचं गाव आता शहरात आलंय. शहरात शेती नसते." महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातल्या साहेबाने हे मला तोंडावर सांगितलं. मग सकाळी मी ज्या मळ्यातून चालत आले, तिथे काय प्लास्टिकची वांगी टांगलेली? चपलेचा चिखल दाखवला त्याला. तर म्हणतो, "ठराव ग्रामपंचायतीचा होता. ग्रामपंचायतच उरली नाही, तर तो आहे की गेला, आम्ही कसं सांगणार?" तुम्ही नाही तर कोण सांगणार, बाबा? घरपट्टी मागायला बरे वेळेवर येता!

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर सून ओरडेल, "आई, लोक ब्लॉगवर रस्ता बघायला येतात, तुम्ही भांडत बसता."

तर रस्ता. माझं माहेर डोंबिवलीच्या पुढे, मानपाड्यावरून आत. ठाण्याहून शिळफाट्यामार्गे जाणारी बस सकाळी लवकर धरा. मेट्रोच्या कामाने रस्ता असा खोदलाय की उशीर केलात तर दुपार बसमध्येच. मानपाडा नाक्याला उतरून शेअर रिक्षा, सुट्टे जवळ ठेवा. रिक्षा गावाच्या कमानीशी सोडते. लहानपणी इथून अख्खा मलंगगड दिसायचा. आता दोन टॉवरच्या फटीतून जेवढा दिसेल तेवढा आपला.

मी जाते माघात, कारण तेव्हा मळ्यात बियाण्याची वांगी पिकलेली असतात. आमचं वांगं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, देठाला काटे. झाडावरचं सगळ्यात बरं फळ तोडायचं नाही, त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ते पिवळं होईपर्यंत कोणी हात लावत नाही. आम्ही पोरं दुसऱ्याच्या काकड्या, चिंचा, काय वाटेल ते चोरायचो, पण चिंधीवालं वांगं कधी नाही. लग्न करून गेलेल्या पोरीच्या ओटीत नारळासोबत त्याच बियांची पुरचुंडी. माझ्याही होती.

बांधावर वैनी भेटली. "आलीस क बाय? जेवाण झालंय, पन आधी तुझ्या दादाला समजाव."

दादा खाटेवर बसलेला. त्याने सांगितलं ते ऐकून माझं डोकं तापलं. बियाण्याच्या एका कंपनीचा माणूस आलेला. जनुक बदललेल्या वांग्याची चाचणी करायची, पाडव्यापासून मळा भाड्याने पाहिजे. म्हणजे वांग्यात दुसऱ्याच जीवाचा गुण घातलेला, अळीने खाल्लं की अळी मरते.

"आणि तू हो म्हणालास?"

"अजून नाय. पन फवारा मारून मारून माझे हात बघ. ते म्हनतात, फवारा कमी लागल."

हात बघितले. कातडी सोललेली. तरी मला रागच आला.

"अरे, पण आईने ठराव करून घेतलेला ना?"

घेतलेला. ग्रामपंचायत होती तेव्हाची गोष्ट. असलं बियाणं गावात लावायचं नाही, यावर ग्रामसभा भरलेली आणि मी माहेरपणाला आलेले. आई कधी चार माणसांत बोलायची नाही. त्या दिवशी पदर खोचून उभी राहिली. "चिंधी बघून मानूस थांबतो. मधमाशी थांबल क? त्यांच्या फुलावरची उठून माझ्या फुलावर बसली तं मी बी कंचं धरू? आमच्याकडं चिंध्या हायत, तुमी कागूद द्या." हात वर झाले, ठराव झाला. नंतर गाव महापालिकेत गेलं. आईही गेली.

"ठराव हाय तं मी मळा देनार नाय," दादा म्हणाला. "आईचा शब्द हाय तो. पन नसल तं मीच एकटा का हात जाळू? हाय का नाय, येवढं इचारून ये."

मग सुकट घातलेलं वांगं, तांदळाची भाकरी. दोन भाकऱ्या खाल्ल्या. चव तीच, आईच्या चुलीवरची. मळ्यात आईच्याच लुगड्याच्या चिंध्या अजून वाऱ्यावर हलतायत, मोजक्या उरल्यात.

दुपारी वैनीला घेऊन प्रभाग कार्यालयात गेले. तिथलं पहिलं सांगितलंच. साहेब "शहरात शेती नसते" म्हणाला, तेव्हा वैनीने पिशवीतून वांगं काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. "मंग ह्यो काय तुज्या गच्चीवर पिकला क, दादुस?" शिपाईसुद्धा हसला. साहेबही हसला आणि म्हणाला, उद्यान विभागात विचारा. उद्यान विभाग म्हणाला, आमच्याकडे फक्त बागा.

संध्याकाळी ठाण्याला परत. वैनीने दिलेलं चिंधीवालं वांगं फोडलं, बिया धुतल्या, राखेत घोळवून खिडकीत वाळत टाकल्यात. कुंडीत झाड येईल माझ्या. पण आमच्या मळ्यातलं बी बाटलं, तर पुढच्या पोरीच्या ओटीत काय घालायचं? चिंधी मी धुवून उशीखाली ठेवलीय. आईच्या अंगाचा वास गेलाय तिचा कधीच, तरी ठेवलीय.

महापालिकेत हे कोणी वाचत असेल त्याने ऐकावं. फवाऱ्याचं माझ्या भावाचं दुखणं खरं आहे, त्याचं आम्ही बघू. तुम्ही फक्त एका ओळीत लिहून द्या, आमच्या गावाचा ठराव उभा आहे की नाही. ग्रामसभा तुम्ही बंद केलीत, पण होळीला अख्खं गाव मैदानात जमतं, ते अजून बंद झालेलं नाही. ठराव नाही असं ठरलं तर दादा पाडव्याला सही करणार, त्याच्या आधी तिथे मला ती ओळ वाचायचीय. होळी पेटायच्या आत उत्तर पाहिजे.