नाकमुरडे मिस्त्री आणि मेहुण्याचा लोडर

मिस्त्रींचं खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे. बाजारभर त्यांना नाकमुरडेच म्हणत, आणि ते उगाच नव्हे. यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर हात ग्रीसमध्ये. पण दुसऱ्याकडचा चहा प्यायचा तर आधी कपाची कड रुमालाने पुसणार. मुलगी पाहायला गेले तेव्हा मुलगी राहिली बाजूला, हे सासूची नखं बघत बसले होते, असं सासू अजून सांगत फिरते. ग्रीस त्यांच्या लेखी लोणीच. किळस यायची ती घाणीची, आणि घाणीहून जास्त बायकोच्या भावाची.

हा मेहुणा एका मोठ्या गोठ्यावर शेण ओढायचा छोटा लोडर चालवी. त्याला स्टिअरिंगचं चाक नसतं, दोन दांडे असतात. उजवा उजव्या चाकांचा, डावा डाव्यांचा. ढकलला की चाकं पुढे, ओढला की मागे, सोडला की थांबायचं. मेहुण्याचा उजवा दांडा सोडला तरी त्या बाजूची चाकं आपली पुढे सरकतच राहत. त्यापायी गोठ्याची भिंत दोनदा ढासळली होती. पुन्हा धक्का लागला तर लोडरवर दुसरा माणूस बसेल, असं मालकाने बजावलं होतं.

बायको मिस्त्रींना एवढंच म्हणाली, "त्याची नोकरी गेली तर तो आपल्याकडेच राहायला येणार."

मिस्त्री त्याच पावली हत्यारं घेऊन निघाले.

सीट उचलून खालचं झाकण काढलं आणि त्यांनी मान फिरवली. आत शेणाचा थर, थरात कुजलेला उंदीर, आणि उजव्या दांड्याच्या सांध्यात झिजलेल्या बुशच्या, म्हणजे पिनेभोवतीच्या नळीच्या, जागी कोंबलेला चपलेचा तुकडा. ही चप्पल कोणाची, असं त्यांनी नाक धरून विचारलं.

"माझीच, भाऊजी," मेहुणा कौतुकाने म्हणाला. "घालून घालून छान मऊ झाली होती."

चप्पल दबली की सांधा ढिला होई, मग हा पठ्ठ्या दांड्याखालच्या रॉडचा नट फिरवून वेळ मारून नेई. आज नीट, उद्या पुन्हा वाकडं. मिस्त्रींना ओकारी उंदराने आली की या कारभाराने, सांगणं कठीण. त्यांनी मेहुण्याला दूर उभं राहायला सांगितलं, श्वास रोखून सगळं खरवडून काढलं, नवा बुश नि नवी पिन बसवली. मग लोडर ठोकळ्यांवर चढवून चारही चाकं अधांतरी केली, इंजिन चालू केलं आणि दांडे मोकळे सोडून रॉड जरा जरा फिरवत गेले. उजवी चाकं रेंगाळली, अडखळली, थांबली. लॉकनट आवळला, लोडर खाली उतरवला आणि मेहुण्याशी एक शब्दही न बोलता मिस्त्री साबण घेऊन नळावर गेले. चूक झाली ती इथे.

लोडर सुधारला का, हे पाहायला मालकाने ठेवलेली परीक्षा सोपी होती: पुढची बकेट भरून भिंतीच्या कडेकडेने यायचं आणि टोकाला थांबायचं. भिंत उजव्या हाताला. मेहुणा झोकात आला, टोकाला डावा दांडा सोडला आणि उजवा सवयीने थोडा मागे ओढून धरला. इतकी वर्षं तो असाच थांबत आला होता. पण आता मागे ओढलं म्हणजे मागेच. उजवी चाकं उलटी फिरली, लोडरचं तोंड भिंतीकडे वळू लागलं. मेहुणा घाबरला आणि त्याने दांडा आणखी ओढला.

फेसाळल्या हातांनी मिस्त्रींनी ते पाहिलं. ज्या शेणाच्या चरावरून ते सकाळी उडी मारून आले होते, त्याच चरातून, घोट्यापर्यंत रुतत, ते धावले. सोड, सोड, असं ओरडत होते. पण सोडला की गाडी पळते, हे मेहुण्याच्या हाडात मुरलेलं.

"सोड, नाहीतर माझ्या घरात तुला उशीसुद्धा मिळणार नाही."

मेहुण्याने दोन्ही हात वर केले. लोडर जागच्या जागी थिजला. त्या हिसक्याने बकेटमधलं पातळ शेण उसळलं आणि मिस्त्रींच्या कॉलरपासून खिशापर्यंत ओघळलं. मालकाने बकेटचा कोपरा आणि भिंत यांच्यामध्ये तळहात घालून पाहिला, जेमतेम मावला. उद्या वेळेवर ये, असं मेहुण्याला सांगून तो निघून गेला.

मेहुणा खाली उतरला, डोळे भरलेले, दोन्ही हात पसरलेले.

"तिथूनच," मिस्त्री मागे सरत म्हणाले. "काय आभार मानायचेत ते तिथूनच मान."