शनिवारची बॅटरी

सत्तरीत माणसाने काय करावं याबद्दल पनवेलमध्ये एकमत आहे. गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यावं, करंजाड्यात एखादा फ्लॅट असल्यास तो भाड्याने द्यावा आणि संध्याकाळी बाकावर बसून पालिकेला नावं ठेवावीत. मी मात्र ज्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला त्याच शाळेची भंगारात निघालेली मिनीबस विकत घेतली. तिला मी मोटरहोम म्हणतो. आमच्या इमारतीत तिला ‘सरांची बस’ म्हणतात, आणि तेवढ्या दोन शब्दांत पुरेशी कीव बसवतात.

हे सगळं ताईमुळे झालं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पंचावन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन ती इस्रायलला गेली. आम्ही कोकणातले ज्यू, घरात मराठीच बोलणारे. आमच्यातले बहुतेक जण तसेच एकेक करून निघून गेले. मी राहिलो. मागे कोणीतरी राहायला हवं होतं, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, विमानाने जायचं तर एकदाच जाऊन या, नंतर नाही. ते एकदा तिला आमच्या गावी यायचं होतं. अलिबागच्या पुढे समुद्राकाठी आमचं गाव, आईबाबांच्या कबरी तिथेच आहेत. तिला त्या गावात एक शब्बाथ पाळायचा होता, लहानपणी पाळायचो तसा. बाकी तिची काही मागणी नव्हती. एवढंच, म्हणजे काहीच नाही, असं तिचं मत होतं.

शब्बाथ म्हणजे आमचा शनिवार. तो शुक्रवारी दिवेलागणीला सुरू होतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की संपतो. तेवढ्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, गाडी चालवायची नाही, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. ताईने आयुष्यात एकही शनिवार मोडलेला नाही. मी शनिवारी गॅस बुक करतो, दाढी करतो, मॅच बघतो. सिनेगॉगमध्ये मी दिसतो तो सणाला, नाहीतर प्रार्थनेला दहावा पुरुष कमी पडल्याचा फोन आला की. ताईला यातलं किती माहीत होतं ते मला माहीत नव्हतं, आणि मी विचारायलाही गेलो नाही.

गावातलं घर केव्हाच विकलेलं. समुद्राकाठी रिसॉर्टं भरपूर आहेत, पण त्यांची दारं हल्ली कार्डाने उघडतात आणि कार्ड खोचलं की दिवा लागतो. म्हणजे शनिवारी ताई एकदा खोलीबाहेर पडली की तारे दिसेपर्यंत बाहेरच. शिवाय त्यांच्या भांड्यांत कोळंबी शिजते, जी ताईला चालत नाही. म्हणून बस. बसमध्ये बिछाना, छोटा फ्रिज, पंखा आणि दिवा. आणि हे सगळं पंचवीस तास कोणीही हात न लावता चालत राहायला हवं. आरटीओचा भाग मी इथे लिहीत नाही, कारण या लेखाचा सूर मला हलकाफुलका ठेवायचा आहे.

मोटरहोमला वीज कशी पुरवावी हे विचारलं की आपल्या देशात सल्ल्याचा तुटवडा पडत नाही. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर शास्त्राच्या सरांनी लिथियमचा स्फोट होतो, असं कळवलं आणि खाली फुलांचा गुच्छ टाकला. गणिताच्या बाई म्हणाल्या, इन्व्हर्टरची साधी बॅटरी घ्या, आमची नऊ वर्षं चालली. ती बॅटरी एकट्या माणसाला उचलत नाही आणि तिची निम्मीच वीज वापरता येते, हे सांगितल्यावर त्यांनी मला ग्रुपमधूनच काढलं. त्याच ग्रुपच्या अॅडमिन.

शेवटी मी करंजाड्यातल्या एका सोलरच्या दुकानात गेलो. दुकानदार तिथल्याच जुन्या शेतकरी घरातला, पन्नाशीचा माणूस. वडिलोपार्जित भातशेतीवर आता बारा मजली इमारत उभी आणि तिच्या तळमजल्यावर हा पॅनल विकत बसलेला. मी त्याला माझी अट सांगितली.

“काका,” तो म्हणाला, “लोकं इचारतात किती तास चालंल. तुमी इचारता किती तास हात लावायचा नाय. असं गिऱ्हाईक मी पयलंच बगतोय.”

माणूस प्रामाणिक होता, ही माझी मोठीच अडचण झाली. त्याने दोन बॅटऱ्या दाखवल्या. दोन्ही लिथियम, आकड्याने दोन्ही सारख्याच. महाग होती तिच्यातले सेल कोरे होते आणि बॅटरी रिकामी होऊन बंद पडली तरी पॅनलवर ऊन आलं की ती आपली आपण सुरू व्हायची. स्वस्त बॅटरीतले सेल दुसऱ्या प्रतीचे, खोक्यावर लिहिलेलं असतं त्याच्या पाऊणपट चालतील, हे त्यानेच सांगितलं. आणि ती बंद पडली की ऊन आलं तरी पुन्हा चालू करायला बाजूचं लाल बटण दाबावं लागणार.

“तुमच्यासाठी महागवालीच घ्या,” तो म्हणाला. मी मनात हिशेब केला की बॅटरी बंद पडणारच नसेल तर बटणाचा प्रश्न येतोच कुठे. या तर्काच्या जोरावर मी स्वस्त बॅटरी घेतली आणि वाचलेल्या पैशांत बसला निळे पडदे केले.

पॅनलच्या बाबतीत मी जास्त डोकं चालवलं. वाकणारे, टपाला चिकटवायचे पॅनल दिसायला देखणे होते, पण उन्हात तापून ते दोन वर्षांत जातात असं दुकानदार म्हणाला. म्हणून घरांवर बसवतात तसलं काचेचं एक मोठं पॅनल घेतलं आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातून अँगल आणून त्याची चौकट वेल्डिंग करून घेतली. वेल्डरने विचारलं, बसवर मंडप घालताय का. चौकट इतकी दणकट झाली की अपघातात बस गेली तरी ती राहील.

मार्चमध्ये ताई आली. विमानतळावर व्हीलचेअरमधून मला बघून तिचं पहिलं वाक्य होतं, “किती रे वाळलास.” माझं वजन ऐंशी किलो आहे. तिची मराठी तिने इथून नेली तशीच होती, तिच्यात अजून ‘आगगाडी’ आणि ‘बोलपट’ होते. गुरुवारी तिने माझ्या स्वयंपाकघरात, स्वतः आणलेल्या पातेल्यात, नारळाच्या दुधातली सुरमईची कढी केली. मी चव बघायला चमचा पुढे केला, तर शब्बाथला मिळेल म्हणाली. मी सत्तर वर्षांचा आहे, याचा तिच्यावर काडीचा परिणाम नव्हता.

शुक्रवारी दुपारी आम्ही गावात पोचलो. आधी कबरस्तानात गेलो, कारण शब्बाथला तिथे जात नाहीत. ताई आईच्या दगडावर हात ठेवून खूप वेळ उभी राहिली. मी गवत उपटत होतो. मग आमच्या जुन्या घराच्या जागेवर बस लावली. घर नव्हतं, चिंच होती. चिंचेच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, मी बस अशी उभी केली की पॅनलवर कडकडीत ऊन पडलं. मोबाइलवर बॅटरी चढताना दिसत होती. दिवेलागणीला पूर्ण शंभर टक्के. दार उघडल्यावर दिवा लागू नये म्हणून ताईने फ्रिजमधल्या दिव्याच्या खटक्यावर चिकटपट्टी लावली, कंदील पेटवले, मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला. इतक्या वर्षांनी तो कानावर पडल्यावर मी पडदे सारखे करायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

सूर्य पूर्वेला उगवतो. हे वाक्य मी तीस वर्षांत काही हजार मुलांकडून घोकून घेतलं असेल. शनिवारी सकाळी तो पूर्वेलाच उगवला, म्हणजे चिंचेच्या मागे, आणि माझ्या मंडपावर गार गडद सावली पडली. बस दहा पावलं पुढे घेतली की काम झालं असतं. पण शब्बाथला गाडी हलवत नाहीत. पंखा आणि दिवा रात्रभर चालू होते, कारण बंद करायलाही बटणच लागतं. लिथियम बॅटरीचं एक चांगलं आहे, ती म्हाताऱ्या माणसासारखी कुरकुर करत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत तडफेने चालते आणि मग एकदम बसते. नऊच्या सुमाराला पंखा थांबला आणि फ्रिज गप्प झाला.

नारळाचं दूध मार्चच्या उकाड्यात दुपारपर्यंतही टिकत नाही. पदराने वारा घेत ताई म्हणाली की आई असती तर शेजारीण आली असती. आमच्या लहानपणी दर शनिवारी शेजारची बाई आपणहून येऊन आमची चूल पेटवून जायची. तिला सांगायचं नसतं, सांगितलं तर ते आपणच केल्यासारखं. आई फक्त म्हणायची, आज गारठा आहे. तेवढ्यावर त्या बाईला कळायचं.

त्या घरात आता तिची सून राहत होती. ऊन पॅनलवर येण्याच्या बेतात आलं तेव्हा मी कुंपणाशी गेलो. बाई अंगणात सुकट वाळत घालत होती. मी म्हणालो, काय उकाडा आहे. ती म्हणाली, हाय. मी म्हणालो, आमचा फ्रिज बंद पडलाय. ती म्हणाली, अरे देवा. मी म्हणालो, त्याला एक लाल बटण आहे.

“मंग दाबा की,” ती म्हणाली.

मी म्हणालो, आज आमच्यात दाबत नाहीत. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि डॉक्टरांनी सांगितलंय का, असं अगदी मनापासून विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिची सासू असती तर गारठ्यावरच काम भागलं असतं. सुनेने मला काळजी घ्यायला सांगितलं, घराला कुलूप घातलं आणि पाटी घेऊन बाजाराला गेली.

बसमध्ये परत आलो तेव्हा ताई मागच्या बाकावर डोळे मिटून पडली होती. चेहरा घामाने डबडबलेला. साडेअकराला ऊन चिंचेवरून पॅनलवर आलं. लाल बटण माझ्या गुडघ्याशी होतं. आपल्यातल्या कोणी शनिवार मोडून राखलेलं अन्न ताई तोंडात घालणार नाही, हे मला माहीत होतं. आणि ही कढी गेली तर तिचा शब्बाथ गावात झाला असं ती कधीच म्हणणार नाही, हेही माहीत होतं. मी शेकडो शनिवार काहीही न वाटता मोडले आहेत. या एका बटणाआधी मी निळा पडदा ओढून घेतला. मी ते दाबलं. पंखा फिरला, फ्रिज घुमू लागला.

थोड्या वेळाने ताईने डोळे उघडले. कोण आलं होतं, तिने विचारलं. मी म्हणालो, शेजारची सून. आपणहून आली, मी काही सांगितलं नाही.

“असतात म्हणजे अजून माणसं,” ताई म्हणाली.

मी तिला वाढलं. कढी उत्तम राहिली होती. ती सावकाश जेवली, दुसऱ्यांदा भात मागितला, सुरमईचा काटा नीट बाजूला ठेवला आणि आईच्या हाताला अशीच चव होती म्हणाली. मी स्वतःवर खूश होतो. नारळाच्या सावलीत बसून आम्ही दुपारभर मेलेल्या आणि परदेशी गेलेल्या माणसांच्या कुचाळक्या केल्या. आमच्याकडे तेवढेच लोक उरलेत. ती इतकी हसत होती की तिला ठसका लागला.

समुद्रावर तीन तारे दिसले. मी दिवा लावला, या वेळी हक्काने. ताईने बॅगेतून खजुराचा एक डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, शेजारणीला नेऊन देऊ का. मला आपलं तिचे आभार मानायचं उद्याचं नाटक आजच उरकायचं होतं.

“तिला कशाला? तिच्या दाराला सकाळपासून कुलूप दिसतंय. हा तुला आणलाय.”

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने हातानेच गप्प केलं.

“तू बटण दाबलंस तेव्हा मी जागीच होते.”

मी विचारलं, “मग जेवलीस कशी?”

“तू वाढलंस,” ताई म्हणाली, आणि डब्याचं झाकण उघडता येईना म्हणून तो माझ्या हातात दिला.