हळू, बाबा झोपलेत

शांती नगरच्या आमच्या सेक्टरमध्ये त्या उन्हाळ्यात एक गोष्ट जिन्याजिन्यांतून फिरत होती. बी विंगमधल्या सुरुचीनं घरात कराटेची प्रॅक्टिस करताना अशी काही आरोळी ठोकली, की झोपलेले तिचे बाबा जागच्या जागी गेले. तळमजल्यावरच्या रमीलाबेन कोथिंबीर निवडायची थांबवून सांगायच्या, "छोकरी ने ऐसी चीस मारी ने, बाप का हार्ट ही बैठ गया! मैंने खुद सुना." इस्त्रीवाल्यानं ती गोष्ट पुढे नेली. पलीकडच्या बेव्हर्ली पार्कला पोचेपर्यंत तिच्यात खिडकीच्या काचाही फुटल्या होत्या.

रमीलाबेननी ऐकलं ते खरं होतं. आरोळी खरी, आणि बाबा गेले हेही खरं. फक्त आधी काय आणि नंतर काय, तेवढं उलटं झालं होतं.

सुरुचीचे बाबा, सुभाषकाका, एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होते. कायमची रात्रपाळी. उजाडता उजाडता घरी यायचे, ते दुपारच्या चहापर्यंत झोपायचे. घर एका खोलीचं आणि किचनचं. त्यामुळे त्या घरातली पोर बोलायला शिकली तेव्हाचं तिचं पहिलं वाक्य "हळू, बाबा झोपलेत" हेच असणार. दाराच्या बेलमध्ये कापूस कोंबलेला. अनसूयाकाकू शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवायच्या, म्हणून त्यांच्याकडची डाळ कायम जरा कचकच लागायची. टीव्हीवरची माणसं नुसतीच तोंडं हलवायची. सुरुची पाढे ओठातल्या ओठात म्हणायची, शिंक आली तर उशीत देऊन टाकायची, आणि चालायची ती चवड्यांवर.

कराटेला तिला घातलं ते बाबांनीच. "मी रात्रीचा घरात नसतो. दोघीच असता. चार फटके मारता आले पाहिजेत," ते म्हणाले.

आमचा क्लास सकाळी, एका बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये भरायचा. शिकवायला मोरवा गावचे आत्माराम सर. चवड्यांवर चालायची सवय तिथं कामाला आली. सर सगळ्यांना थांबवून म्हणायचे, "हिचा पाय बघा रं. मांजर हाय, मांजर!"

अडायचं ते एकाच ठिकाणी. कराटेत शेवटचा फटका जातो तेव्हा पोटातून आरोळी निघावी लागते. तिला किआई म्हणतात. सुरुचीच्या तोंडून निघायची ती नुसती हवा, सायकलची ट्यूब बसावी तशी.

सर तिला बाजूला घेऊन सांगायचे, "पोरी, आमचा आजा मिठागरावर मिठाची पाटी डोक्यावर घ्यायचा ना, तवा पोटातून आवाज द्यायचा. त्याबिगर पाटी उचलायचीच न्हाय. तुजा फटका म्हंजे ती पाटी हाय. आवाज न्हाय, त पट्टा न्हाय."

आणि ब्राउन बेल्टच्या परीक्षेत झालंही तसंच. हातपाय अचूक, आवाज नाही. नापास.

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी तिनं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग घरात ओरड की. मी जागा आहे ना आज." चहाचा कप खाली ठेवून ते परीक्षकासारखे मांडी घालून बसले. कॉट आणि टीव्ही यांच्या मधल्या जागेत सुरुची पवित्रा घेऊन उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि किचनमधून काकूंचा आवाज आला, "हळू गं!"

तिघंही हसली. सवयीनं, आवाज न करता.

"पुढच्या परीक्षेला मी येणार," बाबा म्हणाले. "झोप गेली खड्ड्यात. मला ऐकायचंय."

मे महिन्याच्या सुट्टीत एका सकाळी ते कामावरून आले, अर्धा पेला पाणी प्यायले आणि झोपले. दोघी नेहमीच्या कामाला लागल्या. काकूंनी शिट्टीआधी कुकर उतरवला. सुरुचीनं बाबांच्या उशाशी बसून आपले केस विंचरले. ऊन तोंडावर यायला लागलं तसा पडदा ओढला. दुपारी ती चहा घेऊन गेली. बाबांना हाक मारून उठवायचं नाही, पायाचा अंगठा दाबायचा, अशी त्या घरातली रीत होती. तिनं अंगठा दाबला. गार लागला. पुन्हा दाबला.

"बाबा," ती म्हणाली. तेसुद्धा हळूच.

आणि मग ती आरोळी निघाली. रमीलाबेननी खाली ऐकली ती.

डॉक्टर आले, तपासलं, आणि काकूंना म्हणाले, "केव्हाच गेलेत हो. सकाळीच, झोपेत." म्हणजे सकाळपासून त्या दोघी मायलेकी, गेलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून, चवड्यांवर चालत होत्या.

पण डॉक्टर हे हळू बोलले. हळू बोललेलं जिना उतरत नाही. जिना उतरली ती आरोळी. तेराव्याला आलेल्या आत्यानंही वाढता वाढता विचारलं, "पण तू नक्की काय करत होतीस गं तेव्हा?" सुरुचीनं पान तसंच ठेवलं आणि उठली.

बेलमधला कापूस कुणी काढला नाही. काकू कुकर अजून शिट्टीआधीच उतरवत होत्या.

शाळा सुरू झाल्यावर ती क्लासला परत आली. पाय तसेच मांजराचे. पण किआईची जागा आली की ओठ घट्ट मिटायचे. आता हवाही निघत नव्हती. दिवाळीनंतर परीक्षा होती, आणि ती पट्टा सोडून देणार, हे आम्ही सगळ्यांनी मनात धरून टाकलं होतं.

क्लासमध्ये सगळ्यांच्या किआयांच्या नकला मी करायचो. कौस्तुभची म्हणजे रिक्षाचा ब्रेक. इशिताची म्हणजे शेपटीवर पाय पडलेलं पिल्लू. सरांची सर गेल्यावर. एकदा सुरुचीला हसू आलेलं दिसलं म्हणून मी बोलून गेलो, "तुझीच राहिलीय. एकदा ऐकव, लगेच करून दाखवतो."

इशितानं मला जोरात चिमटा काढला. सुरुची कमरेचा पट्टा सोडत होती. "रमीलाबेनला तर फुकटात मिळाली ऐकायला," ती म्हणाली. मग तिथंच पार्किंगच्या कठड्यावर बसून तिनं ते सगळं सांगितलं. कापूस, कुकर, अंगठा. सांगून झाल्यावर उठली आणि मला म्हणाली, "एकदा ऐकून करशील?"

"एकदाच. नाही जमली तर दाबेली."

"दोन."

परीक्षेला काकू आल्या. मागच्या रांगेत बसल्या, शेजारची खुर्ची त्यांनी पिशवी ठेवून अडवली होती. सुरुचीचा नंबर आला. सगळं झरझर झालं, आणि ती जागा आली. तिनं परीक्षकांकडे पाहिलं नाही. पिशवीच्या खुर्चीकडे पाहिलं आणि ओरडली.

ती मारामारीची आरोळी नव्हतीच. कुणीतरी लांब, पाठमोरं चाललंय आणि त्याला थांबवायचंय, असा तो आवाज होता. काकूंचं बोट सवयीनं ओठांकडे निघालं, अर्ध्यावर थांबलं, आणि खाली आलं. आत्माराम सर भिंतीला टेकून उभे होते. "उचलली पोरीनं पाटी," ते स्वतःशीच म्हणाले.

पट्टा मिळाला. आम्ही दाबेलीच्या गाडीवर गेलो.

"कर," सुरुची म्हणाली.

मी केली. आवाज मोठा निघाला, पट्टीही तीच. दाबेलीवाल्याचा हात तव्यावरून उडाला. "क्या भाई, डराता है क्या!" इशितानं टाळ्या वाजवल्या. सुरुचीनं मान जराशी कलती करून ऐकलं आणि डोकं हलवलं. नाही. ते मला तिच्या आधी कळलं होतं. मी पुन्हा केली. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही, कौस्तुभ हसलाही नाही.

दोन दाबेल्या हरलो. एक तिनं तिथंच खाल्ली, दुसरी आईसाठी बांधून घेतली.