मामाचीच मुलगी केली

माझी लेक आठव्या वर्षी हाताचा अंगठा मागे वाकवून मनगटाला टेकवायची, आणि वारज्यातल्या आमच्या घरी पाहुणा आला रे आला की मी तिला ते करून दाखवायला लावायचो. गाल तर इतके मऊ की धरून ओढले तर पुरणपोळीच्या कणकेसारखे लांबायचे. तान्ही असताना हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, दात दाटीवाटीने आलेले, बोटं लांबसडक. आम्ही सगळ्याला 'घराण्याची खूण' म्हणून मोकळे व्हायचो. घराणं तसं एकच होतं, कारण मी मामाचीच मुलगी केली होती. स्थळं बघत हिंडायचा त्रास वाचला म्हणून आईने चाळीस घरी पेढे वाटले होते.

शाळेच्या योगासन स्पर्धेसाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट हवं होतं. पहिला नंबर आमचाच, हे मी ऑफिसात सांगूनही टाकलं होतं. डॉक्टरांनी लेकीचा रक्तदाब तीनदा मोजला आणि थेट मुलांच्या हृदयविकारतज्ज्ञांकडे धाडलं. तिथे स्कॅनमध्ये दिसलं, की तिच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या, सरळ जायचं सोडून जिलबीसारख्या वळत गेल्या आहेत. आजार जन्मजात आणि फार दुर्मीळ. सांधे, कातडी, हर्निया, सगळी त्याचीच लक्षणं. रोहिणी कुठे आकसू शकते, तर कुठे फुगून फाटूही शकते.

"योगासनं बंद. औषध रोज, तपासणी ठरल्या वेळी," तज्ज्ञ म्हणाले. अंगठ्याचं कौतुक मी त्यांनाही सांगून बसलो होतो. "आणि पाहुण्यांसमोरची सर्कसही बंद करा. लग्न नात्यातलं का?"

"हो. मामाचीच मुलगी."

"जनुकातला दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला, तरच हा आजार होतो. नात्यात ती शक्यता वाढते." लेक शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती.

त्यानंतर घरात बायको कामापुरतंच बोलायची, तेही भिंतीकडे बघून. मला माझा राग आला होता, आईचा आला होता, त्या पेढ्यांचासुद्धा आला होता.

लेक मात्र स्पर्धा हुकली म्हणून दोन दिवस फुरंगटून बसली. तिसऱ्या दिवशी पोहे खाताना तिने विचारलं, "बाबा, तू आईशी लग्न केलं नसतंस, तर मला हे झालं नसतं ना?"

थाप मारायचं धाडस होईना.

"नसतं झालं," मी म्हणालो. "पण मग तूच झाली नसतीस."

तिने जरा विचार केला.

"मग राहू दे," ती म्हणाली, आणि माझ्या पोह्यांवरचं खोबरं तिने बिनदिक्कत उचललं.

ओट्याशी उभी असलेली बायको तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे वळली.