शहाडला गेलेलं पुस्तक

आजही कुणाच्या घरी सहाणेवर सुंठ उगाळल्याची खरखर कानावर आली, की माझं बोलणं मध्येच थांबतं आणि कल्याणचं ते घर डोळ्यांपुढे येतं. स्वातंत्र्याला फार वर्षं झाली नव्हती. पोलीस खात्यात बायका घ्यायला नुकती कुठे सुरुवात झाली होती, आणि मी त्यांतली एक. पुढे फौजदार होऊन निवृत्त झाले, खून-दरोडे खूप पाहिले, पण हे प्रकरण काही मनातून जात नाही. नावं मात्र कुणाची सांगणार नाही. त्या घराण्यातली माणसं अजून तिथेच नांदतात.

आधी जरा माझ्या वाचनाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. बाकीचं शिक्षण रहस्यकथांनी केलं म्हणा ना! कल्याणात एक वाचनालय होतं. भाड्याने पुस्तकं मिळायची, आणि चालवणारे काका माणूस पाहून पुस्तक सुचवायचे. मला म्हणायचे, "बाई, तुम्ही दिवसभर रक्त बघता, तुम्हाला कोडं देतो. हे न्या." आणि त्यांचा एक कडक नियम होता. पुस्तक परत करताना दुसऱ्या वाचकासमोर शेवट फोडलात, तर पुढच्या खेपेला नवीन पुस्तक नाही, जुनंच काहीतरी हातात पडायचं.

त्या सुमारास एक नवी कादंबरी आली होती. एका श्रीमंत इनामदाराचा विषप्रयोगाने मृत्यू होतो आणि सगळ्यांचा संशय रात्रीच्या दुधावर जातो. दूध तापवणारी, दूध नेणारा, भांडं घासणारी, सगळ्यांच्या मागे लेखक आपल्याला पळवतो. अगदी शेवटच्या भागात कळतं, की दुधात काहीच नव्हतं. म्हाताऱ्याचं औषध ज्या सहाणेवर उगाळायचे, त्या सहाणेलाच विष लावून ठेवलेलं. मी तर वाचून उठून बसले होते.

आणि मग एका सकाळी ठाण्यात एक माणूस खबर घेऊन आला. तिशीचा, धोतर-कोट, डोळे रडून सुजलेले. त्याची आई आदल्या रात्री उलट्या होऊन गेली होती. डॉक्टरांनी दाखला द्यायला नकार दिला, म्हणून तो आला होता. या घराण्याची पूर्वी खाडीकाठी मिठागरं होती. आता मीठ राहिलं नव्हतं, पण जमीन होती, आणि जमिनीला मागणी यायला लागली होती. थोरला मुलगा विषमज्वराने गेलेला. घरात म्हातारी, थोरल्याची विधवा बायको आणि हा धाकटा, एवढीच माणसं.

फौजदारसाहेबांनी जबाब घ्यायला सुरुवात केली. मी दाराशी उभी होते.

"साहेब, वहिनीचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही," तो म्हणाला, "पण आईची मात्रा रोज तीच उगाळायची. सुंठ, जायफळ, मधातून. तुम्ही ती सहाण तपासा."

"सहाण का?"

"ती सारखी खुनाची पुस्तकं वाचते. आत्ता जे वाचत होती, त्यात अगदी असंच आहे. घरात पुस्तक सापडेल तुम्हाला."

सहाण म्हटल्याबरोबर माझ्या अंगावर काटा आला. कोणतं पुस्तक ते मी ओळखलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, पोरीने पुस्तकातलं उचललं.

आम्ही घरी गेलो. पंच बोलावले, पंचनामा झाला. सहाण, सुंठ-जायफळ, मधाची बाटली, सगळं जप्त करून सीलबंद केलं आणि मुंबईला रासायनिक तपासणीसाठी पाठवलं. पुस्तक मात्र सापडलं नाही. माळा पाहिला, गाद्या उलटल्या, चुलीतली राखसुद्धा चाळली.

"जाळलं असेल," धाकटा हळूच म्हणाला.

साहेबांनी सुनेला विचारलं, "पुस्तक कुठाय?"

ती गप्प. चोवीस-पंचविशीची, कोकणातल्या गावची, सातवी झालेली. भिंतीला टेकून बसली होती, आणि पुस्तकाचं नाव निघालं की पदराचं टोक मुठीत घट्ट धरायची. साहेबांनी आवाज चढवला तरी एक शब्द नाही. आता सांगा, मुद्देमालातली वस्तू कुठे आहे ते आरोपी सांगत नाही, म्हणजे आमच्या लेखी निम्मा गुन्हा कबूल. शेजारपाजारच्या बायका दारात उभ्या राहून म्हणतच होत्या, "वाचून वाचून डोकं फिरलं हो तिचं." तिला ठाण्यात आणलं. त्या काळी अशा खटल्यात फाशी होत असे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाईमाणूस म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायला मला बसवलं. एका खोलीत एक बाकडं, एक माठ आणि आम्ही दोघी. चहा आणला, तिने हात लावला नाही. "खाऊन घे गं," म्हटलं, तरी नाही. चौकशीचा एक अनुभव सांगते. माणूस गुन्ह्याबद्दल बोलत नसेल, तर गुन्ह्याबद्दल विचारू नये. त्याला जे आवडतं, त्याबद्दल विचारावं.

मी म्हटलं, "काकांनी ते इनामदाराचं पुस्तक तुलाही दिलं का? मला त्यांनी म्हटलेलं, बाई, दोन दिवस झोप विसरा."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचता?"

"अगं, पगारातून धान्य आणि पुस्तकं, बस! तुम्ही घरी कोण कोण वाचता?"

"मी वाचते. सासूबाईंना मोतीबिंदू. त्या ऐकायच्या, नि शेजारच्या मावशी ऐकायच्या. दुपारची भांडी झाली की." थोडं थांबून म्हणाली, "सासूबाई फार हुशार हो. मध्येच म्हणायच्या, थांब, तो कारभारी खोटं बोलतोय. मागे काय म्हणालेला, वाच परत."

"मग या पुस्तकात तुझा संशय कुणावर?"

मी सहज विचारलं होतं. तीही सहजच बोलली.

"मला वाटतं, दूध तापवणारी ती बाईच. भांडं दोनदा का विसळलं तिने? विष दुधातच असणार ना. सासूबाई म्हणायच्या, वैद्य. आमची पैज लागलेली."

मी हातातला कप खाली ठेवला. ही पोरगी अजून दुधातच अडकली होती! सहाणेपर्यंत पोहोचलीच नव्हती.

"शेवट नाही वाचलास?"

"राहिला. सगळं वाचून झालं, शेवटचा भाग तेवढा…" आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. "बाळ, पुस्तक कुठाय ते सांगशील तर सुटशील. कुणाला झाकतेयस?"

तेव्हा ती रडायला लागली. त्या तिघींचा नियम असा होता, की पुस्तक वाचणारीकडे ठेवायचं नाही. ठेवलं तर ती एकटी पुढचं वाचून टाकणार आणि मग ऐकणाऱ्यांची मजा जाणार. म्हणून रोजचं वाचन झालं की मावशी पुस्तक आपल्या घरी नेऊन ट्रंकेत कुलपात ठेवायच्या. शेवटचा भाग उरला आणि मावशींना शहाडहून निरोप आला, की लेकीच्या पोटात दुखायला लागलंय. बाळंतपणाला जाताना मावशी ट्रंकेसकट पुस्तक घेऊन गेल्या. "मी आल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही," म्हणून बजावून गेल्या. म्हातारी त्यानंतर काही दिवसांनी गेली.

"मग हे साहेबांना का नाही सांगितलंस?"

"ओली बाळंतीण आहे हो तिथे. पहिलटकरीण. त्या घरात पोलीस शिरले, बाळाला काही झालं तर? आणि मी सुतकातली. माझ्यामुळे नको."

फाशीपेक्षा तिला त्या बाळाची काळजी.

मी साहेबांकडे जाऊन हे सगळं सांगितलं. ते हसले. "बाई, आता कादंबऱ्यांवरून गुन्हे उलगडायचे का?"

"साहेब, मुंबईचा अहवाल अजून आलेला नाही. विष दुधात होतं, भाकरीत होतं की मधात, डॉक्टरांनासुद्धा माहीत नाही. मग सहाण या माणसाला कुणी सांगितली?"

"पुस्तकानं. वहिनीचं वाचणं कानावर पडलं असेल."

"तेच त्याला विचारा. कधी कानावर पडलं, एवढंच विचारा."

साहेब हसायचे थांबले.

शहाडला मी साध्या लुगड्यात एकटी गेले. दारात कडुलिंबाचा टहाळा लावलेला. मावशी बाहेर आल्या, पुस्तक मागितलं तशा ओटीवर बसकण मारली. "काय सांगू बाय, त्या पोरीनं माझं नाव घेतलं नाय? मेली येडी! फाशी जायला निघाली नि माझ्या नातवाची झोप सांभाळते!" ट्रंक उघडून दिली. शेवटच्या भागापाशी मोरपीस घातलेलं.

येताना वाचनालयात डोकावले. काकांना विचारलं, त्या घरी हे पुस्तक तुम्ही सुचवलंत का? ते म्हणाले, "मी कशाला? त्यांच्या धाकट्यानं. आधी स्वतः नेलं, परत करताना म्हणाला, झकास आहे, आमच्या वहिनीला द्या, तिला आवडेल. मला बरं वाटलं हो. म्हटलं, दीर असावा तर असा."

मला आठवलं, याच माणसाने ठाण्यात असल्या पुस्तकांचं नाव नाक मुरडत घेतलं होतं.

दुपारी धाकट्याला बोलावलं. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुम्ही वाचता का हो असलं?"

"छे छे! असली पुस्तकं मी हातात धरत नाही, साहेब."

"मग सहाणेचं कसं कळलं?"

"वहिनी मोठ्यानं वाचते ना. मी पडवीत होतो. ऐकलं."

"कधी?"

"आई गेली त्याच्या आदल्याच दिवशी. शेवटच चालला होता."

"नक्की?"

"शपथेवर सांगतो."

साहेबांनी खणातून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "हे आठवडाभर शहाडला होतं. तुमच्या घरात शेवट कुणी वाचलाच नाही."

तो पुस्तकाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "पण पुस्तक घरातच असतं ना…" असं म्हणाला, जणू आम्हीच फसवलं होतं त्याला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं सांगितलं. म्हातारी घरामागची जमीन विधवा सुनेच्या नावावर करायच्या बेतात होती. कबुलीजबाब पोलिसांपुढचा, कोर्टात चालत नाही. पण ज्या विषारी झाडाचं मूळ त्याने सहाणेवर उगाळलं, ते जिथून खणलं ती जागा त्याने पंचांसमोर दाखवली. पुढे अहवालही आला. विष सहाणेवर होतं. खालच्या कोर्टाने जन्मठेप दिली, वरच्या कोर्टात ती टिकली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? आपण पोलीस नेहमी विचारतो, या माणसाला काय माहीत आहे. त्यानंतर मी हेही पाहायला लागले, की याला काय माहीत नाही. निरपराध माणसाच्या न कळण्यात एक खरेपणा असतो, तो शिकवून आणता येत नाही. आणि दुसरं म्हणजे, त्या धाकट्याने सगळं नीट आखलं होतं. विष निवडलं, पुस्तक सुचवलं, संशय कुठे जाईल तेही ठरवलं. पण आपल्याच घरात रोज दुपारी तीन बायका काय करतात, हे त्याने एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं. पुढे कित्येक गुन्ह्यांत मी आधी घरातल्या बायकांची दुपार विचारली, आणि बरंच काही हाती लागलं.

खटला संपल्यावर कोर्टातून मुद्देमाल परत आला. काका पुस्तक घेईनात. "माझ्या कपाटात नको ते," म्हणाले. मग ते माझ्याकडेच राहिलं.

पुढे एकदा ती सून माझ्या खोलीवर आली. पुस्तक फळीवर होतं. तिने ते पाहिलं, हात लावला नाही.

"बाई, शेवटी कोण निघालं हो?"

मला वाटलं, खोटं सांगावं. वैद्य म्हणावं. पण मी तिला खरंच सांगितलं. "मुलगा निघाला. इनामदाराचा धाकटा मुलगा."

तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग म्हणाली, "मी एकदा म्हटलं होतं, मुलगा असेल का हो? तर सासूबाई माझ्यावर चिडल्या. म्हणाल्या, बाकी कुणावरही संशय घे, पोटच्या पोरावर नको. असलं मनातही आणायचं नाही." तिने डोळे पुसले. "बरं झालं, मावशी पुस्तक घेऊन गेल्या."

मी उठून चहाचं आधण ठेवलं. आलं किसायला किसणी घेतली. माझ्या घरात तेव्हापासून सहाण नाही.